आईचं स्मृतिपुस्तक करून देणाऱ्या सेवा: पॅकेज, पेठेतला डीटीपीवाला, फोटोबुक की वेबपान?

समाजकार्यात आयुष्य गेलेल्या आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला पुस्तक काढायचं असं घरात ठरलं, की ते करून देणारे चार प्रकारचे लोक समोर येतात. मुलाखतींपासून छपाईपर्यंत सगळं अंगावर घेणाऱ्या पॅकेज कंपन्या, संगणकावर मजकूर जुळवून पानं मांडणारा शहरातला डीटीपीवाला आणि त्याच्या ओळखीचा प्रेसवाला, मोबाइलवरून फोटोबुक छापून देणारी ॲप्स, आणि 'डिजिटल स्मारक' म्हणून वेबपान बनवणारे. निकाल आधीच सांगून टाकायला हरकत नाही. डीटीपीवाला आणि ऑफसेट प्रेस, आणि त्यांच्यावर स्वतंत्रपणे नेमलेला एक संपादक, ही जोडी आजही सगळ्यांत सरस आहे. पॅकेज दुसऱ्या क्रमांकावर, तेही अटींसह. फोटोबुक घरापुरतं ठीक. वेबपान फक्त पुरवणी म्हणून.

मोजमाप एकच लावलं आहे. आई म्हणून ती घरातल्या पाच-दहा जणांची होती. बाहेर रेशन दुकानासमोर, पोलिस चौकीत, बालवाडीत, पंचायतीच्या ओसरीवर तिने जे केलं ते शेकडो लोकांच्या आठवणीत आहे, आणि त्याच्या नोंदी मात्र एका पत्र्याच्या पेटीत आहेत. सेवा देणारा त्या पेटीपर्यंत पोचतो का, एवढं पाहायचं. बहुतेक जण पोचत नाहीत. त्यांचं सगळं गणित अल्बमवर बसवलेलं असतं.

पॅकेजवाल्यांपासून सुरुवात करू. ते पहिल्या भेटीत एक प्रश्नावली देतात: बालपण, शिक्षण, विवाह, मुलं, आवडते पदार्थ, छंद, देवधर्म, शेवटचे दिवस. गृहिणी, शिक्षिका, उद्योजिका, सगळ्यांना हीच. समाजकार्यासाठी तिच्यात 'सामाजिक योगदान' अशी एक ओळ असते आणि त्या ओळीत जे बसतं तेवढंच पुस्तकात येतं. म्हणून करार करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. संस्थेची इतिवृत्तं आणि हजेरीची रजिस्टरं कोणी वाचणार का? कुटुंबाबाहेरच्या किती लोकांच्या मुलाखती दरात धरल्या आहेत? त्या वस्तीत, गावात जाऊन घेणार की फोनवर? आणि लिहिणाऱ्याचं आधीचं काम वाचायला मिळेल का? चारपैकी दोन उत्तरं गोलमाल आली तर ते पैसे जाड कागदाचे आणि पेटीपॅक आवरणाचे आहेत असं समजावं.

पॅकेजची जमेची बाजूही आहे. सगळी भावंडं परगावी किंवा परदेशी असतील, प्रेसच्या खेपा घालणारं कोणी नसेल, तर ते वेळ सांभाळतात. फोटो स्कॅनिंग बहुधा नीट करतात. फसतं ते भाषेत. मुलाखतीत बाई म्हणते, "त्यांनी माझ्या नवऱ्याला चौकीत बसवून ठेवला दुपारपर्यंत, मग तो हात उगारायचा थांबला." छापून येतं, "त्या अन्यायाविरुद्ध ठामपणे उभ्या राहत." पहिल्या वाक्यात माणूस आहे, दुसरं वाक्य कोणाच्याही आईला लागू पडतं. मसुदा हातात आल्यावर 'मायाळू', 'कष्टाळू', 'अजातशत्रू', 'आधारवड', 'दीपस्तंभ' हे शब्द फाइलमध्ये शोधावेत. दर दोन पानांना एक सापडत असेल तर मसुदा परत पाठवावा. मुळातून काम केलेली बाई अजातशत्रू असतच नाही. गुत्तेदार, सावकार, पक्षातले लोक, कधी सासरचेही तिच्यावर चिडलेले असतात, आणि ते पुस्तकात असलं पाहिजे.

आता डीटीपी आणि प्रेस. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि नारायण-सदाशिव-शनिवार पेठा, मुंबईत गिरगाव-दादर, शिवाय कोल्हापूर, नागपूर, नाशिक. तालुक्याच्या गावीही आता डीटीपीवाला असतोच. इथे काम तुकड्यांत चालतं आणि प्रत्येक तुकड्याचा दर वेगळा: अक्षरजुळणी पानावर, मांडणी पानावर, मुखपृष्ठ एकरकमी, प्लेट प्रत्येक रंगामागे, कागद रिमेवर, छपाई हजार ताव या हिशेबात, बांधणी प्रतीवर. 'एका प्रतीला एवढे' असा एकच आकडा सांगणाऱ्याकडून हे तुकडे लिहून घ्यावेत, कारण वाद नेहमी दोनच ठिकाणी होतो: दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत, आणि शेवटी ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मांडणीची मूळ फाइल, कोणाची. तीन प्रुफं आणि ओपन फाइल आपली, हे कागदावर हवं. दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती काढताना नुसत्या पीडीएफने भागत नाही.

आकाराबद्दल फार विचार करू नये. डेमी एक अष्टमांश, म्हणजे कापून साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, हाच आकार घ्यावा. मोठे चौकोनी आकार कपाटात बसत नाहीत आणि म्हाताऱ्या हातांना जड होतात. या आकारात बारा पॉइंटचा टाइप आणि ओळींत सोळा पॉइंटचं अंतर ठेवलं तर पानावर २८० ते ३०० शब्द बसतात. वाचणारे बरेचसे साठीच्या पुढचे असणार, त्यामुळे यापेक्षा बारीक टाइप नको. पानसंख्या सोळाच्या पटीत धरायची, कारण छपाई सोळा पानांच्या फर्म्यात होते. १६४ पानांचा मजकूर म्हणजे चार पानांसाठी वेगळा खर्च. त्यापेक्षा एक लेख छाटून १६० वर आणावा.

कागदाचा हिशेब स्वतः करता येतो. २३ बाय ३६ इंची एका तावात दोन्ही बाजू मिळून डेमीची ३२ पानं बसतात. १६० पानांच्या ५०० प्रतींना २,५०० ताव, म्हणजे पाच रीम. मशीन लावताना आणि बांधणीत वाया जाणारा कागद धरून साडेपाच. बिलात आठ रीम दिसले तर शांतपणे विचारावं. आतल्या पानांना ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) नॅचरल शेड मॅपलिथो, म्हणजे किंचित पिवळसर, बिनचकाकीचा कागद, पुरेसा आहे. पांढराशुभ्र कागद ट्यूबलाइटखाली डोळ्यांना टोचतो आणि ७० जीएसएमच्या खाली मागच्या पानावरचा मजकूर पुढे दिसतो. मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्टकार्ड, मॅट लॅमिनेशन. काळ्या किंवा गडद मुखपृष्ठावर मॅट घेऊ नये, बोटांचे ठसे आणि ओरखडे पहिल्याच आठवड्यात उठतात. आर्टपेपरवरच्या सोळा फोटोपानांसह असं पुस्तक सुमारे अडीचशे ग्रॅम भरतं. पाकिटाचं वजन त्यात मिळवून पोस्टाचा टप्पा आधीच विचारून ठेवला तर दोनशे प्रती पाठवताना बराच फरक पडतो.

बांधणीवर मात्र हात आखडू नये. नुसत्या गरम गोंदाची परफेक्ट बाइंडिंग दोन पावसाळे काढते. आर्टपेपरची पानं तर त्याआधीच सुटतात, कारण गुळगुळीत कागदात गोंद मुरत नाही. 'फर्मे शिवून मग गोंद' असं स्पष्ट सांगावं. पुठ्ठा बांधणी हवी असेल तर पुस्तानीचा, म्हणजे पुठ्ठा आणि पुस्तक जोडणारा, कागद किमान १०० जीएसएमचा हवा, नाहीतर पुठ्ठा आणि पुस्तक बिजागरीपाशी फाटतात. आणि कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर आहे ना, हे प्रेसवाल्याला विचारावं. आडव्या धाग्याचं पुस्तक उघडं राहत नाही आणि पानांना लाटा येतात. हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारला की समोरचा माणूस जरा सरसावून बसतो.

प्रतींची संख्या हा भावनेचा विषय होतो आणि ५०० किंवा १,००० वर गाडी जाते. साधारण २०० ते ३०० प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते, त्यापुढे ऑफसेट, कारण प्लेटचा खर्च प्रतींवर विभागला जातो. खरी गरज मोजावी: नातेवाईक, संस्थेचे जुने-नवे कार्यकर्ते, लेख लिहिणारे, वाचनालयं. उरलेले गठ्ठे माळ्यावर वाळवीला जातात. ओपन फाइल हातात असेल तर लागतील तेव्हा पन्नास प्रती पुन्हा काढता येतात.

मराठी टाइपाकडे वळू, कारण सगळ्यांत जास्त पुस्तकं इथे बिघडतात. आईचे जुने लेख, संस्थेचे अहवाल बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर नव्वद टक्के काम करतं आणि उरलेल्या दहात घात करतं. रूपांतरानंतर ही अक्षरं शोधून एकेक तपासावीत: ऱ्य आणि ऱ्ह (सुऱ्या, कऱ्हाड, वऱ्हाड), ॲ आणि ऑ, द्ध, द्व, ट्ठ, ह्य, श्र, क्ष, ज्ञ, आणि सगळी अवतरणचिन्हं, कारण ती कधी कधी भलत्याच अक्षरात बदलतात. पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकली असेल तर दोष मजकुराचा नसून मांडणीचा असतो. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' चालू न करता युनिकोड मराठी ओतलं की असंच होतं. एका क्लिकचं काम आहे, पण पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्या जुन्या ऑपरेटरांना ते सांगावं लागतं.

फॉन्ट निवडताना ल आणि श पाहावेत. संगणकावर आपोआप येणारे काही फॉन्ट हिंदी वळणाचे ल-श दाखवतात आणि जुन्या वाचकाला ते खटकतं. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा फॉन्ट मराठी वळणाचा, मोफत आणि पुस्तकाच्या मजकुराला शोभणारा आहे.

डीटीपीच्या तयार साच्यांबद्दलही सांगायला हवं. नावाआधी 'कै.' आपोआप बसवलेलं असतं. वारकरी घरात 'वै.' चालतं, आंबेडकरी कुटुंबात 'स्मृतिशेष' किंवा 'कालकथित' लिहितात, देवधर्म न मानणाऱ्या कार्यकर्तीला यातलं काहीच नको असतं. मुखपृष्ठावर समई, कमळ, मावळता सूर्यही असेच फुकट मिळतात. पहिल्याच बैठकीत हे सगळं काढायला सांगावं. तिसऱ्या प्रुफाला सांगितलं तर एखाद्या कोपऱ्यात समई राहतेच.

मजकूर गोळा करण्याचं काम कोणतीच सेवा नीट करत नाही, ते घरच्यांनी किंवा नेमलेल्या संपादकानेच करायचं असतं. "आठवण लिहून द्या" असं चाळीस जणांना कळवलं तर चाळीस सारखेच लेख येतात. त्यापेक्षा विचारणा अशी असावी: एक प्रसंग, कुठला, कोणत्या वर्षीचा, त्या वेळी त्या नेमकं काय बोलल्या, चारशे शब्दांत. वस्तीतल्या, बचत गटातल्या बायका लिहून देणार नाहीत. त्यांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करावं. एका तासाच्या बोलण्याचे सहा-सात हजार शब्द होतात आणि ते उतरवायला चार ते सहा तास लागतात. आपोआप लिहून देणारी साधनं प्रमाण मराठीत बरी चालतात. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी आली की ती अंदाज बांधू लागतात आणि अंदाज प्रमाण भाषेचा असतो. बोलीतला मजकूर हातानेच उतरवावा आणि बोलीतच ठेवावा.

सालांची तपासणी हा संपादकाच्या मानधनाचा खरा हिशेब. घरातल्या आठवणी दहा-पंधरा वर्षं सहज मागेपुढे होतात. "१९७८ साली आईने ४९८अ ची केस लढवली" असा लेख आला तर तो चुकलेला आहे, कारण विवाहितेच्या छळाचं ते कलम १९८३ मध्ये आलं. "१९७० साली बचत गट सुरू केला" असं असेल तर ते बहुधा महिला मंडळ किंवा भिशी होती; बँकेशी जोडलेल्या बचत गटांचा नाबार्डचा कार्यक्रम १९९२ चा. अंगणवाडीच्या बाबतीत जपून. शासनाची एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची, पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला अंगणवाडी त्याच्या कितीतरी आधी रुजवली होती, त्यामुळे जुनं साल दिसलं म्हणून लगेच खोडायचं नाही. १९७२ चा दुष्काळ, त्याच सुमारासचे महागाईविरोधी लाटणं मोर्चे, १९८० मधली मथुरा बलात्कार खटल्याच्या निकालाविरुद्धची आंदोलनं, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, त्याच वर्षी लागू झालेली, पंचायतींत स्त्रियांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती: अशा खुंट्यांवर बिनतारखेचे प्रसंग टांगता येतात. "सरपंच बाईंना खुर्चीवर बसवलं तो दिवस" हा बहुधा या शेवटच्या खुंटीनंतरचा. फोटोंच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो तोही पाहावा. आणि ओळीत गावाचं त्या वेळचं नाव ठेवावं. १९८५ च्या मोर्चाखाली छत्रपती संभाजीनगर लिहू नये.

इतिवृत्त वही, हजेरी, पावतीपुस्तकं, भत्त्याची व्हाउचरं यांतून जे निघतं ते लेखांतून निघत नाही. सभेला कोण नेहमी यायचं, कोणता ठराव तीनदा फेटाळला गेला, कोणत्या महिन्यात पगाराला पैसे नव्हते. वहीचं एखादं पान जसंच्या तसं छापलं तर तिचं अक्षरही येतं. बॉलपेनची निळी शाई फिकट झाली असेल तर रंगीत स्कॅन करून मगच काळ्यात बदलावी. थेट काळ्यात स्कॅन केली तर फिक्या रेघा गळतात.

इथे एक कायदेशीर कुंपण आहे आणि पॅकेजवाले ते क्वचितच सांगतात. समाजकार्यकर्तीच्या कागदपत्रांत इतर स्त्रियांची दुःखं असतात. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली (पूर्वीचं भारतीय दंड विधान २२८अ) गुन्हा आहे. सज्ञान स्त्रीने स्वतः लेखी संमती दिली तर अपवाद. मुलांच्या बाबतीत पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम २३ आणि बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ लागतं. निरीक्षणगृहातल्या किंवा अनाथाश्रमातल्या मुलांचे जुने सामूहिक फोटोही त्यामुळे जपून वापरावेत. नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, साल, नवऱ्याचा धंदा आणि मुलांची संख्या एकाच परिच्छेदात आली की अख्खी वस्ती ओळखते. यांतले दोन तपशील गाळावेत. कौतुकाने नाव देऊ पाहणाऱ्या बाईलाही छापण्याआधी पान वाचून दाखवावं. बोलताना दिलेली परवानगी छापील ओळ ऐकल्यावर बदलू शकते.

पत्रांचंही तसंच. आईला आलेलं पत्र आपल्या पेटीत असलं तरी मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. नामवंतांची पत्रं छापताना हे विसरलं जातं. वृत्तपत्रातल्या फोटोंसाठी परवानगी आणि छायाचित्रकाराचं नाव, दोन्ही हवं. प्रकाशित छायाचित्रावरचा हक्क ६० वर्षं चालतो.

फोटोंची तांत्रिक बाजू. तीन इंच रुंदीचा जुना फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की १,८०० पिक्सेल मिळतात आणि तो ३०० डीपीआयच्या छपाईत सहा इंचांपर्यंत नेता येतो. पूर्ण पानाला पुरतो. व्हॉट्सॲपवर आलेला साधा फोटो अर्ध्या पानाला कधी कधी चालूनही जातो, पण मोर्चाच्या फोटोतून तिचा एकटीचा चेहरा कापून मोठा करायचा झाला की उरतात दोनशे पिक्सेल. म्हणून सगळ्यांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावं. प्लास्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नयेत, फोटोचा थर पानालाच चिकटून राहतो. पान तसंच ठेवून, वरची फिल्म उचलून स्कॅन करावं. वृत्तपत्रातल्या कात्रणांना स्कॅनरमध्ये 'डीस्क्रीन' लावावं, नाहीतर छपाईत जाळी उमटते.

कृष्णधवल फोटो चार रंगांत छापू देऊ नयेत. एका फर्म्यात गुलाबी झाक, दुसऱ्यात हिरवट, असं होतं, कारण चार शायांचा तोल पानागणिक हलतो. फक्त काळ्या शाईत घ्यावेत, पैसेही वाचतात. मॅपलिथोवर शाई पसरते, म्हणून फोटो पडद्यावर जरा जास्तच उजळ दिसेल असा ठेवावा, छापल्यावर बरोबर येतो.

फोटो 'सुधारून' देण्याची सेवा आता सगळेच देतात, आणि इथे आमचा स्पष्ट नकार आहे. ओरखडे, डाग, कसरीने खाल्लेला कोपरा भरणं ठीक. चेहरा 'स्पष्ट' करणारं साधन चेहरा नव्याने रचतं: दात सरळ होतात, सुरकुत्या जातात, डोळे भलत्याच कोणाचे होतात. रंग भरताना पांढरी खादी गुलाबी होते. त्याहून वाईट म्हणजे नसलेलं कुंकू आणि मंगळसूत्र उमटतं. ज्या बाईने ते विचारपूर्वक घालणं सोडलं होतं, किंवा नवरा गेल्यावरही हट्टाने कुंकू लावलं होतं, तिच्या बाबतीत हा फेरफार म्हणजे तिचं म्हणणंच खोडणं. मूळ स्कॅन आणि सुधारित फोटो शेजारी ठेवून घरातल्या दोघांनी पाहिल्याशिवाय कोणताही फोटो छपाईला देऊ नये.

फोटोबुक ॲप्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. छपाई चकचकीत आणि रंग चांगले. मराठी ओळी मात्र कधी चौकोन होऊन येतात, कधी जोडाक्षरं तुटतात. ओळी चित्र म्हणून टाकल्या तर सुटका. प्रती वाढवल्या तरी दर फारसा उतरत नाही. भावंडांपुरत्या पाच-सहा प्रती, आजोळचे, लग्नाचे, नातवंडांबरोबरचे फोटो, यासाठी जरूर घ्यावं. त्याचा एक फायदाही होतो: घरगुती फोटोंची हौस तिथे भागते आणि मुख्य पुस्तकात कामाला जागा उरते.

वेबपान आणि दगडावरच्या क्यूआर पाट्या विकणारे 'कायमस्वरूपी' हा शब्द वापरतात. डोमेन दरवर्षी नूतनीकरण मागतं. ते कोण भरणार हे आधी ठरवावं. क्यूआर 'डायनॅमिक' असेल तर तो विकणाऱ्याच्या सर्व्हरवरून जातो, वर्गणी थांबली की मरतो. पुस्तकात छापायचा क्यूआर 'स्टॅटिक'च, म्हणजे पानाचा पत्ता थेट त्यातच असलेला, असावा. भाषणांच्या कॅसेटी आणि मिनी डीव्ही टेप डिजिटल करून घेण्याची सेवा मात्र पैसे वसूल करते. टेप दर पावसाळ्यागणिक बुरशीने खराब होतात आणि चालणारे प्लेअर दुर्मीळ होत चालले आहेत. आईचं जीमेल खातं चालू ठेवावं: दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती गुगल आतल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं. वह्या आणि मूळ फोटो शेवटी कुठे ठेवायचे, याला मुंबईत स्त्रियांच्या कामाचा संग्रह करणारं स्पॅरो हे ठिकाण आहे. तिथे नाही तर निदान संस्थेच्या कुलूपबंद कपाटात, यादीसकट.

वेळापत्रक: मजकुराला दोन महिने, संपादन आणि सालतपासणीला एक, मांडणी आणि तीन प्रुफांना एक, छपाई-बांधणीला तीन आठवडे. म्हणजे पावणेपाच महिने. त्याच्या आत हे करून देतो म्हणणारा प्रुफं खाणार. ऑगस्ट ते ऑक्टोबर दिवाळी अंकांमुळे प्रेस भरलेले असतात, निवडणूक लागली की पत्रकं सगळ्यांच्या पुढे घुसतात. आणि वर्षश्राद्धाची तिथी तारखेशी जुळत नाही: साध्या वर्षात ती दहा-अकरा दिवस आधी येते, मध्ये अधिक मास पडला तर अठरा-एकोणीस दिवस नंतर. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. सभागृह तारखेने ठरवलं आणि नातेवाईक तिथीला आले, असं होऊ नये म्हणून निमंत्रणाआधी पंचांग पाहावं.

आयएसबीएन हवा असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, शुल्क नाही. 'आम्ही काढून देतो' म्हणून पैसे घेणाऱ्याला फक्त अर्ज भरण्याचे पैसे मिळतात. खासगी वाटपाला तो नसला तरी अडत नाही. वाचनालयांत मात्र पुस्तक जायलाच हवं: गावचं सार्वजनिक वाचनालय, तालुक्याचं, आणि जिथे तिने काम केलं तिथल्या शाळेचं.

तिसरं प्रूफ तिघांनी वाचायचं आणि तिघांनी वेगवेगळं: एकाने फक्त नावं आणि आडनावं, एकाने फक्त साल आणि फोटोओळी, एकाने सलग मजकूर. नावाची चूक झालेल्या माणसाला उरलेलं पुस्तक दिसत नाही. छपाईआधी मशीनवरचा पहिला फर्मा पाहायला जावं आणि फोटोचं पान मंजूर करून त्यावर सही करावी. प्रती आल्या की वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून दहा काढून सगळी पानं उलटायची: फर्मा उलटा लागलेला, एखादा दोनदा लागून दुसरा गळालेला, कोरं पान, कापताना खालचा पानक्रमांक गेलेला, कण्यावर नाव सरकलेलं. दहात दोन सदोष निघाल्या तर सगळा गठ्ठा बाइंडरकडे परत. शेवटचा हप्ता या तपासणीनंतर, ओपन फाइल, फॉन्टची नावं आणि मूळ स्कॅन असलेला पेनड्राइव्ह हातात आल्यावर द्यायचा.